बाबांच्या मागचा वाघ

माझं पहिलं पान मी कोहमाऱ्याला काढलं, एका ट्रकच्या मागच्या फाळक्यावर. तो ट्रक आता कुठल्या रस्त्यावर असेल देव जाणे. पण त्याच्यावर एक पान माझं आहे, आणि हे आठवलं की बावन्नाव्या वर्षीही मला एका जागी बसवत नाही. उठून घरात इकडून तिकडे चालायला लागतो.

कुडव्याला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पंपाच्या, चक्कीच्या, कूलरच्या जळालेल्या मोटारी येतात, त्यांतली जुनी तार काढून मी नवी भरतो. त्या दिवशी कोहमाऱ्याच्या एका ढाब्याची मोटार बसवायला गेलो होतो. काम करून बाहेर आलो तर बाजूच्या मोकळ्या जागेत ट्रक उभा होता, आणि त्याच्या मागे स्टुलावर बसून एक म्हातारा पेंटर जंगल काढत होता.

मी थांबलो. ते जंगल असं होतं, की एकही झाड दुसऱ्या झाडाला लागत नव्हतं. प्रत्येक झाड आपापल्या जागी सरळ उभं, जसं कुणी फोटोसाठी उभं केलंय. पानं सगळी सुटी, मोजून घ्यावीत अशी. मोर झाडाएवढा. हरिण बाजूने चालत होतं, पण तोंड वळवून सरळ माझ्याकडे पाहत होतं. असं जंगल मी याआधी एकाच ठिकाणी पाहिलं होतं, दवनीवाड्याला आमच्या घराच्या मधल्या खोलीत. आणि ते आता तिथे नव्हतं. का नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं.

"काय पाहून राहिले भाऊ?" पेंटर मागे न वळताच म्हणाला. "तुमची सावली पडून राहिली माह्या हरनावर."

मी बाजूला सरकलो. "पानं कशी काढता ते पाहतो, काका."

"कायले? ट्रक घेतला का?"

"नाही. मोटार वाइंडिंगचं काम आहे माझं."

आता तो वळला आणि त्याने माझ्या तोंडाकडे न पाहता हातांकडे पाहिलं. "म्हंजे तार गुंडाळनारा मानूस. हात नाही हालत मंग. या इकडं."

त्याने एक चपटा ब्रश घेतला, एक कोपरा गर्द हिरव्यात बुडवला, दुसरा पिवळ्यात, आणि माझ्या हातात दिला. "टेकवा. दाबा. फिरवा. उचला. बस."

मी टेकवला, दाबला, फिरवला, उचलला. आणि फांदीवर पान होतं! अर्धं सावलीत, अर्धं उन्हात, टोकाला निमुळतं. मी काढलं नव्हतं, ते आपणच आलं होतं. माझ्या तोंडून काहीतरी मोठ्याने निघालं असणार, कारण ढाब्यावर चहा पीत बसलेला ड्रायव्हर ओरडला, "क्या हुआ? बिच्छू काटा क्या?"

"नहीं रे," पेंटर म्हणाला, "इनको पत्ता आ गया."

चाळीसेक किलोमीटर स्कूटर चालवत घरी आलो. सगळ्या वाटेने माझा उजवा हात हँडलवर टेकवत, दाबत, फिरवत होता.

आता जे सांगायचं ते सांगतो. ते सांगायला मला सत्तावीस वर्षं लागली.

माझी ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिने आमच्या मधल्या खोलीची एक भिंत रंगवली होती. एका दिवसात नाही, पाच-सहा दिवाळ्या लागल्या. दिवाळीआधी घराला चुना मारायचा, तेव्हा आई ती एक भिंत सोडायची आणि ताई तिथे थोडं जंगल वाढवायची. गेरूचा तांबडा, निळीचा निळा, चुलीच्या काजळीचा काळा, आणि वालाची पानं वाटून काढलेला हिरवा. ब्रश म्हणजे शिंदीची काडी, टोकाला चेचून मऊ केलेली. ती शाळेत सातवीपर्यंत गेली. फ्रेममधलं चित्र तिने पाहिलं असेल तर दुकानातल्या कॅलेंडरवरचं. आईबरोबर मोहफुलं वेचायला रानात जायची, तिथे जे दिसलं ते भिंतीवर आणायची.

ताईचं लग्न झालं. मी गोंदियाला आयटीआय केलं, शहरातले मित्र झाले. त्यांतला एक घरी आला, भिंत पाहिली आणि हसला, "क्यों भाई, घर में रहते हो या जंगल में?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ते वाक्य माझ्यात रुतून बसलं. पुढे पंचविसाव्या वर्षी माझी सोयरीक जुळायला आली. मुलीकडचे घर पाहायला येणार होते. मी एका माणसाला बोलावलं, फिक्या निळ्या ऑइल पेंटचे डबे त्याच्यासमोर ठेवले, ती भिंत दाखवली आणि पाहुण्यांसाठी कपबश्या आणायला गोंदियाला निघून गेलो. भिंत झाकली जात असताना मी तिथे उभाही राहिलो नाही. संध्याकाळी आलो तेव्हा खोली चकचकीत निळी होती. मला फार छान वाटलं, हेही खरं सांगतो. आई चुलीजवळून उठली नाही. आणि रोज त्या भिंतीला टेकून बसणारे बाबा त्या दिवसापासून ओसरीवर बसायला लागले. ऑइल पेंटवर पाठ घसरते, म्हणायचे.

भाऊबीजेला ताई आली. दारात उभी राहून तिने भिंत पाहिली. तिने विचारण्याआधीच मी बोललो, "ओल आली होती ताई. सगळा रंग फुगून पडला. काही राहिलंच नाही, म्हणून मारून घेतला."

ताई भिंतीजवळ गेली, तळवा टेकवून एकदा इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाली, "बरं केलं. सोज्वळ दिसते."

त्यानंतर तिने काही काढलं नाही. तिच्या सासरी मी किती वेळा गेलो असेन. दर वेळी तिच्या घराच्या भिंती मी चोरून पाहायचो. एक फूलसुद्धा नाही. विचारायची हिंमत झाली नाही, कारण विचारलं असतं तर ओलीची गोष्ट निघाली असती.

म्हणून त्या रात्री, हाताला कोहमाऱ्याचा हिरवा रंग तसाच असताना, मी ट्रंक उघडली आणि ताईच्या हळदीचा फोटो काढला. रंग पिवळट पडला होता, पण मागे भिंत होती! डावीकडे पळसाचं झाड, तांबड्या फुलांनी पेटलेलं. त्याच्या बाजूला मोहावर चढणारं अस्वल. खाली तीन हरणं. उजव्या टोकाला बांबू आणि दोन ससे. मध्ये मात्र बाबा उभे, नेमके ज्या जागी रोज टेकून बसत तिथेच. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यामागे काय होतं ते दिसत नव्हतं. फक्त त्यांच्या उजव्या खांद्यामागून वाघाचे मागचे दोन पाय, पट्ट्यांची पाठ आणि वर उभी शेपूट बाहेर आलेली. वाघाचा पुढचा भाग बाबांच्या मागे.

खूप आठवून पाहिलं. ज्या भिंतीसमोर बसून मी पंचवीस वर्षं जेवलो, तिच्यावरच्या वाघाचं तोंड मला आठवेना. ती भिंत आठवली की मला बाबांची पाठच आठवायची.

पोळा होऊन गेला होता. दिवाळीला दोन महिने होते. मी ठरवलं, ताई भाऊबीजेला येईल तेव्हा जंगल परत भिंतीवर असेल आणि मी तिला खरं सांगेन. नुसतं खरं सांगणं मला जमलं नसतं. रिकाम्या हाताने जाऊन चूक कबूल करता येते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बायकोला फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं. तिच्या माहेरची माणसं येणार म्हणून मी भिंत झाकली होती, तेव्हा तिलाही ते माहीत असायला हवं होतं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "माह्या बाबानं भिंत पाहिलीच नाही."

"म्हणजे?"

"ते गोठा पाहून गेले. घरी येऊन म्हनाले, म्हशी धष्टपुष्ट आहेत, मानसं चांगली असतीन." मग थोड्या वेळाने, "मले त निळा रंग कधीच नाही आवडला. दवाखान्यात बसल्यासारखा वाटते."

त्या रविवारपासून मी कोहमाऱ्याला जायला लागलो. फ्लेक्स आल्यापासून दुकानांच्या पाट्या रंगवायचं पेंटरकाकांचं काम गेलं होतं, ट्रकचं थोडं उरलं होतं. जुन्या पाट्यांचे पत्रे त्यांच्याकडे पडून होते. एक पत्रा पालथा घालून त्यांनी मला दिला. "बिघडवा. वरची बाजू अगोदरच बिघडून आहे."

काय काय शिकलो! आधी आभाळ, मग जमीन, मग खोडं, मग पानं, मग जनावरं. हिरव्यात काळा मिसळायचा नाही, हिरवा मरतो. गर्द करायचा तर थोडा तांबडा टाकायचा. मी टाकून पाहिला आणि वाटीत खरोखर सागाच्या जुन्या पानाचा रंग तयार झाला. मी वाटी घेऊन ढाब्यावर दाखवायला गेलो. ढाबेवाल्याला वाटलं चटणी आहे.

आणि रस्ता! कोहमाऱ्याहून परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रान लागतं. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन आणि ते मला हिरवं वाटायचं, एकच हिरवं. आता दर दोन किलोमीटरला स्कूटर थांबायची. सागाला पांढुरका मोहोर होता, त्याने त्याचा माथा दुधाळ झालेला. बांबू पिवळट. पळसाचं पान मळकट, जाड, जसं एखाद्याने वाळवून परत हिरवं केलंय. आणि खाली सावलीत निळा! झाडाखाली निळा असतो, हे बावन्न वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी दुकानावर एक चक्कीवाला मोटार घेऊन केव्हाचा बसला होता.

"कुठं होते भाऊ? चक्की बंद पडून आहे माझी."

"रान पाहत होतो."

"वाघ निघाला का?"

"नाही. सागाची पानं."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही माझीच वाइंडिंग जळाली आहे.

महिनाभराने पत्र्यावर माझं पहिलं पूर्ण जंगल झालं. मी ते अभिमानाने काकांसमोर ठेवलं. जवळची झाडं मोठी, दूरची लहान. हरणं झाडांमागे अर्धी लपलेली, अस्वल झुडपाआड. कॅलेंडरवर असतं तसं. मी सोबत आणायचो तो ताईच्या हळदीचा फोटो काकांनी मागितला, उन्हात धरला, बराच वेळ पाहिला.

"हे तुमच्या बहिनीचा आहे का?"

"हो."

"आन् हे?" त्यांनी माझा पत्रा दाखवला.

"तेच. तिचंच काढलं."

"नाही जी. तुमची बहीन काहीच लपवत नाही. पाहा, हरनाले चार पाय, चारही दिसतात. झाडाची मुळं जमिनीत, तेही दिसतात. अस्वल झाडावर आहे त सगळा आहे, नखासकट. अन् तुम्ही सगळ्याइले झाडामागं टाकून राहिले. काऊन?"

मी माझ्या पत्र्याकडे पाहिलं.

"पाय काढता नाही येत, म्हनून. होय का नाही?"

होय, म्हणालो. खरंच तसंच होतं. जिथे जिथे पाय जमेना, तिथे तिथे मी झुडूप काढलं होतं. काका हसले नाहीत. त्यांनी पत्रा पुसून कोरा केला आणि मला दिवसभर फक्त पाय काढायला लावले. हरणाचे, सशाचे, अस्वलाचे. संध्याकाळपर्यंत पत्रा पायांनी भरला, वर जनावर कुठेच नाही. बायकोने पाहिला तेव्हा म्हणाली, "अवो, वरचे कुठं पळाले?"

दसऱ्यानंतर दवनीवाड्याच्या घरी काम सुरू केलं. आई-बाबा गेल्यापासून ते घर बंदच असतं, धान ठेवायला तेवढं वापरतो. आधी निळा रंग खरवडायचा ठरवलं. रंग खरवडायची लोखंडी पत्री घेतली आणि कोपऱ्यातून सुरुवात केली. जुना ऑइल पेंट पापुद्र्यासारखा सुटून आला, हाताच्या पंजाएवढा. मी तो सहज उलटा केला.

त्याच्या पाठीवर पळसाचं फूल होतं.

गेरूचं, उलटं, पण संपूर्ण फूल! चुन्यासकट निळ्या रंगाला चिकटून आलेलं. मी ओरडून बायकोला बोलावलं. ती ओल्या हाताने धावत आली, तिने पापुद्रा हातात घेतला, उजेडात धरला. आम्ही दोघं दारात उभे राहून एका फुलाकडे पाहत होतो. सत्तावीस वर्षं ते त्या निळ्याच्या मागे होतं. मला इतका आनंद झाला, की भिंतीकडे पाहायचं सुचायला वेळ लागला. भिंतीवर, जिथून पापुद्रा निघाला होता, तिथे आता नुसती माती होती. फूल माझ्या हातात आलं होतं, म्हणजे भिंतीवरून गेलं होतं.

"थांबा," बायको म्हणाली. "दुसऱ्यांदा पुसून राहिले तुम्ही."

मी पत्री ठेवली. तेवढ्या जागेवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि ठरवलं, खालचं खाली राहू द्यायचं. निळ्यावरच काढायचं. निळा तसाही आभाळाच्या कामाचा होता. तो पापुद्रा कापसात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवला.

पुढचे वीस दिवस मी सकाळी दवनीवाड्याला आणि दुपारी दुकानात. वाइंडिंगमध्ये वेढे मोजायची सवय. एक कमी पडला तर मोटार फिरत नाही, नुसती घुमत राहते. तशीच पानं मोजायला लागलो. फोटोत मोहाची एक्केचाळीस पानं दिसत होती, मी एक्केचाळीस काढली. शेजारचे लोक धान कापायला जाता-जाता डोकावायचे. एक म्हातारी म्हणाली, "असाच होता बापा इथं. आता पुन्हा उगवला का?" त्या दिवशी मला जेवण सुचलं नाही.

राहिला वाघ. पाय, पाठ, शेपूट फोटोतून आले. पुढचं काय? काकांना विचारलं.

"बहिनीले विचारा ना."

"तिला नाही विचारता येत."

का, ते त्यांनी विचारलं नाही. फक्त म्हणाले, "मंग तोंड तुमचा राहीन, तिचा नाही. मंजूर असन त शिकवतो." आणि वाघाचं तोंड शिकवलं. नाक खालून तुटलेल्या पानासारखं. मिशा श्वास रोखून. डोळे सगळ्यात शेवटी, कारण एकदा डोळे आले की तो आपल्याकडे पाहतो आणि मग आपल्याला दुरुस्ती करायची भीती वाटते. पत्र्यावर मी अकरा तोंडं काढली. पाचव्याला बायको म्हणाली, "हा कोनाच्या लग्नाले चालला? लय नटला." नवव्याला म्हणाली, "हा तुमच्या मामासारखा दिसते." अकराव्याला ती थोडी मागे सरली. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी तेच तोंड भिंतीवर काढलं, बाबांच्या जागी, पिवळा रंग चांगला जाड लावून. डोळे लावून झाले तेव्हा मी दारापर्यंत मागे सरून पाहिलं. माझ्या आयुष्यात मी केलेली ती सगळ्यात सुंदर वस्तू होती.

आमच्याकडे भाऊबीजेला आलेल्या बहिणी मंडई होईपर्यंत राहतात. मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. ताईला सांगितलं होतं, या वेळी ओवाळायला कुडव्याला नाही, गावच्या घरीच ये. दुपारी ती आली. पिशवी ओसरीवर ठेवली, पाय धुतले आणि पदराला हात पुसत मधल्या खोलीच्या दारात आली.

तिथेच थांबली.

मी पाठ केलेलं सगळं विसरलो. "ताई," म्हणालो, "भिंतीला ओल नव्हती. मला लाज वाटली होती चित्राची. पाहुणे येणार होते म्हणून मी रंग मारला. तुला खोटं सांगितलं."

ताईची नजर भिंतीवरून हलली नाही. "माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तवाच. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट धरते का? आठ दिवसांत फुगते. मी हात लावून पाहिला ना. खडखडीत कोरडी होती." मग ती माझ्याकडे वळली. "तू त वायरिंग-बियरिंग शिकून आला होता. एवढा नाही समजला का खोटं बोलताना?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"राग होता मले," ताई म्हणाली. "लय साल होता. थोडा आताही आहे. सासरी काडी हातात घेतली का वाटे, कायले काढायचा, उद्या कोनी पुसून टाकन." ती भिंतीजवळ गेली. पळसाला बोट लावलं. अस्वलाची नखं पाहिली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मी डबा आणला, कापूस सोडून फूल तिच्या तळहातावर ठेवलं. तिने ते नाकाजवळ नेलं, जसा काही वास येणार होता. मग हलकेच परत कापसात ठेवून डबा आपल्या पिशवीत टाकला. मला विचारलंही नाही.

मग ती मधोमध आली आणि एकदम म्हणाली, "अरे, वाघाले तोंड कुठून आला?"

"कुठून म्हणजे? फोटोत बाबांच्या मागे लपलं होतं ना, म्हणून मी..."

"तोंड नव्हताच बापा त्याले!"

आणि ती हसायला लागली. अशी, की तिला खाली बसावं लागलं. हसता हसता तिने सांगितलं. ती जागा तिने पहिल्या दिवाळीपासूनच कोरी सोडली होती. बाबा तिथे टेकून बसत, त्यांच्या पाठीने आणि डोक्याच्या तेलाने काही टिकलं नसतं. बाबा नेहमी रानातल्या वाघाची गोष्ट सांगायचे, की त्यांना पाहून वाघच कसा झाडामागे पळाला. कुणाचा विश्वास नव्हता. म्हणून ताईने वाघ अर्धाच काढला, बाबांच्या मागे पळून लपणारा. "बाबा बसले का वाघ लपे. बाबा उठले का त्याचा अर्धा अंग उघडा. आई म्हने, बसा जी, तुमचा वाघ थंडीनं मरून राहिला."

मला आठवलं. एकदम, सगळं. आईचा आवाजसुद्धा. ताईच्या सगळ्या जंगलात लपलेलं ते एकच जनावर होतं, आणि मी दोन महिने खपून नेमकं त्यालाच बाहेर काढलं होतं.

"पुसून टाकतो," मी म्हणालो. "आत्ता टर्पेंटाइन आणतो."

"खबरदार!" ताई म्हणाली. "या घरात आता कोनी काही पुसायचा नाही." ती उठली, थोडी सरकली आणि बाबा बसत तसं, भिंतीला पाठ टेकून, बाबांच्याच जागी बसली. वाघाचं तोंड तिच्या मागे गेलं. उजव्या खांद्यामागून पट्ट्यांची पाठ आणि वर उभी शेपूट. "चहा ठेव वो," ती माझ्या बायकोला म्हणाली. "पाहा बरं, लपला का?"

"लपला, ताई," बायको म्हणाली. आणि लगेच, "अवो ताई, रंग! रंग ओला आहे!"

ताई उठली तेव्हा तिच्या मोतिया रंगाच्या नव्या साडीवर पाठभर पिवळा आणि काळा. एक डोळा तर अगदी स्पष्ट. भिंतीवरचा वाघ अर्धा पुसला गेला होता; एका डोळ्याने तो आमच्याकडे पाहत होता. मी कपाळाला हात लावला. ताईने पदर पुढे ओढून मागचं जेवढं दिसेल तेवढं पाहिलं, मान वाकडी करून.

"डोरा चांगला जमला तुले," ती म्हणाली.

मंडईच्या दिवशी तिने दुसरी साडी नेसावी म्हणून बायकोने दोन साड्या काढून ठेवल्या होत्या. ताईने ती वाघ लागलेलीच नेसली. गर्दीत जिलेबीच्या दुकानापासून पाळण्यापर्यंत ती पुढे चालत होती, मी मागून. ओळखीच्या बायका थांबून विचारत होत्या, मागे काय लागलं म्हणून, आणि ती प्रत्येकीला सांगत होती, "भावानं काढला." काही जणींना तिने संध्याकाळी भिंत पाहायला यायचंही सांगून टाकलं. पाळण्याजवळ ती थांबली आणि मागे न पाहताच मला म्हणाली, "घरी जाताना शिंदीची काडी तोड एक. तुह्या मोहाले मुळं बारीक झाली."